पायातली रक्ताची गुठळी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या: घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात या गोळ्या दोनदा आल्या. आधी आईला, खुब्याच्या ऑपरेशननंतर मांडीच्या शिरेत गुठळी झाली, औषध बंद झाल्यावर दीड वर्षाने काही कारण नसताना परत झाली आणि तेव्हापासून ती असिट्रोमवर आहे. मग २०२३ ला माझा नंबर लागला. स्कूटीवरून पडले, घोटा मोडला, प्लास्टर निघालं आणि चार दिवसात पोटरी टणक होऊन सुजली. मला एपिक्साबॅन दिली. आता नात्यात कुणाच्या पायाला सूज आली की फोन मला येतो, आणि तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांना काय विचारायचं ते तरी यातून कळेल.

ही गोळी गुठळी विरघळवते ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे आणि पुढच्या अर्ध्या चुका त्यातूनच होतात. दुधाला विरजण लागलं की दही होतं तसं रक्त गोठतं असं समजा. ही गोळी दुधात पाणी घालत नाही, म्हणजे रक्त काही खरंच पातळ बितळ होत नाही, ती फक्त विरजणाचा जोर कमी करते. जे दही आधीच लागलंय त्याचं परत दूध ही गोळी करत नाही. ते काम शरीर स्वतः करतं, हळूहळू, आठवडे महिने घेऊन. गोळीचं काम इतकंच की तोवर गुठळी वाढू नये, तुटून वर जाऊ नये आणि नवीन होऊ नये. म्हणून सूज उतरली, दुखायचं थांबलं म्हणजे काम झालं असं नसतं. मला आठव्या दिवशीच बरं वाटायला लागलं होतं, आणि आमच्या एका काकांनी "आता कशाला उगाच पोटात केमिकल" म्हणून सुरुवात केलीच होती.

खरोखर गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं वेगळी असतात, ती आयसीयूत देतात, जीवावर बेतलं असेल तेव्हाच, कारण त्यात रक्तस्रावाचा धोका फार मोठा.

पायातल्या गुठळीला एवढं का घाबरायचं?

पायासाठी नाही, फुफ्फुसासाठी. शिरेतलं रक्त हृदयाकडे जातं, तिथून फुफ्फुसात, त्यामुळे तुकडा सुटला तर थेट तिथे जाऊन अडकतो. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त पडणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन लावा. अॅसिडिटी असेल म्हणून सोडा पीत बसू नका.

आधी पोटात इंजेक्शनं का देतात? सरळ गोळीच का नाही?

गोळी कुठली त्यावर आहे. वॉरफेरिन आणि असिट्रोम लगेच काम करत नाहीत. त्या लिव्हरमध्ये व्हिटॅमिन के वर चालणारे रक्त गोठवणारे घटक बनूच देत नाहीत, पण रक्तात आधीपासून जे फिरतायत ते संपायला काही दिवस लागतात. त्यात गंमत अशी की गोठणं रोखणारे जे नैसर्गिक घटक आहेत ना, प्रोटीन सी वगैरे, तेही व्हिटॅमिन के वरच बनतात आणि ते आधी संपतात. म्हणजे पहिले एक दोन दिवस उलट गोठण्याचाच धोका थोडा जास्त. म्हणून सोबत हेपारिनचं इंजेक्शन किमान ५ दिवस आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, २ च्या वर जाऊन टिकेपर्यंत. डॅबिगॅट्रानलाही आधी काही दिवस इंजेक्शन लागतं. एपिक्साबॅन आणि रिव्हारोक्साबॅन पहिल्या दिवसापासून सरळ गोळीच चालते, फक्त सुरुवातीचा डोस मोठा असतो.

घरी इंजेक्शन द्यायची वेळ आली तर: बेंबीपासून दोन इंच लांब, कातडीची चिमूट धरायची, सुई सरळ आत, आणि नंतर चोळायचं नाही. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, मी पहिल्यांदा काढायला गेले तर औषधाचा थेंबच बाहेर आला आणि नर्सबाईंची बोलणी खाल्ली. पोटावर निळे काळे डाग पडतात, ते जातात.

असिट्रोम, वॉरफेरिन, एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, चांगली कुठली?

जुन्या म्हणजे वॉरफेरिन आणि तिची बहीण असिट्रोम. स्वस्त, वर्षानुवर्षं वापरलेल्या, पण रक्त तपासत राहावं लागतं, जेवणाने आणि दुसऱ्या औषधांनी वर खाली होतात. नव्या म्हणजे बाकीच्या. ठरलेला डोस, आयएनआर नाही, पालेभाजीची भानगड नाही. आता पेटंट संपल्यावर बऱ्याच कंपन्यांच्या आल्यात त्यामुळे पूर्वीइतक्या महागही राहिल्या नाहीत. साध्या गुठळीला हल्ली डॉक्टर बहुतेक नवीच देतात.

पण नवी म्हणजे सगळ्यांना चालते असं नाही. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना जुनीच लागते. अँटिफॉस्फोलिपिड नावाचा रक्ताचा त्रास असेल तर सहसा जुनीच. किडनी फार कमजोर असेल तर डॉक्टर वेगळा हिशोब करतात. तेव्हा शेजारच्यांना नवी आणि मला जुनी का, असं मनात कुढत बसू नका, डॉक्टरांना तोंडावर विचारा.

पहिल्या आठवड्यात दिवसाला चार गोळ्या? मेडिकलवाल्याने चुकून दिल्या का?

चूक नाहीये. एपिक्साबॅन पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम सकाळ संध्याकाळ असते, आणि गोळी ५ ची मिळते, म्हणून दोन दोन. आठव्या दिवसापासून ५ सकाळ, ५ संध्याकाळ. रिव्हारोक्साबॅन १५ दोन वेळा २१ दिवस, मग २० एकदा. मोठ्या डोसची तारीख संपली की खाली यायचं हे कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा. काही जण घाबरून आधीच कमी करतात आणि काही जण महिनाभर तोच चालू ठेवतात, दोन्ही वाईट.

आयएनआर किती पाहिजे?

शिरेतल्या गुठळीसाठी सहसा २ ते ३. गोळी न घेणाऱ्या माणसाचा साधारण १ असतो. २ च्या खाली म्हणजे गोळी पुरत नाहीये, ३ च्या वर जसजसा जाईल तसतसा रक्तस्रावाचा धोका. सुरुवातीला दर दोन तीन दिवसांनी, मग आठवड्याने, आकडा बसला की महिन्यातून एकदा असं चालतं. गोळी संध्याकाळी घ्यायला सांगतात त्याचं कारण साधं आहे, सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, डोस बदलायचा असला तर त्याच संध्याकाळी बदलता येतो.

शक्यतो लॅब एकच ठेवा. आणि रिपोर्टवर पीटीचे सेकंदही छापलेले असतात, ते बघून घाबरू नका, आयएनआरचा आकडा शोधा.

पालेभाजी अजिबात बंद का?

नाही हो. बंद नाही, एकसारखी. पालकाच्या १०० ग्रॅममध्ये ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन के असतं, मेथी, अळू, चवळई, कोथिंबीर सगळ्यातच असतं, पण तुम्ही आठवड्यातून तीनदा पालेभाजी खात असाल आणि त्या हिशोबाने डोस बसवला असेल तर तीनदा खाणंच बरोबर. गडबड होते ती अचानक बदललं की.

आमच्याकडचं सांगते. आईचा आकडा सहा महिने २.४, २.५ असा शहाण्यासारखा होता. मग श्रावण लागला. अळूवड्या, अळूचं फदफदं, कुणीतरी गावाहून आणलेल्या रानभाज्या, भाद्रपदात ऋषीपंचमीची भाजी तीही मोठं पातेलं भरून आणि उरलेली दुसऱ्या दिवशी. गणपतीनंतर आयएनआर काढला तर १.४. डॉक्टरांनी विचारलं गोळ्या चुकवल्या का, आई म्हणाली एक नाही. खरंच नव्हत्या चुकल्या, मी डबी बघितली होती. शेवटी डॉक्टरच हसले आणि म्हणाले, "आजी, भाजी काय काय खाल्ली ते सांगा." आता आम्ही श्रावणात मध्येच एक टेस्ट जास्त करतो, अळूवडी बंद केली नाही.

नव्या गोळ्यांना हे काही लागू नाही, पालक पनीर खुशाल खा.

असिट्रोम, वॉरफेरिन म्हणजे उंदराचं औषध म्हणे?

वॉरफेरिन होतं, हो. लपवायचं काय त्यात. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात १९२० च्या दशकात गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली, बुरशी लागलेला गोड क्लोव्हर नावाचा चारा खाऊन. १९३३ साली एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या लॅबला पोचला. त्यांच्या टीमने पुढे काही वर्षांनी चाऱ्यातला तो पदार्थ वेगळा काढला, त्यावरूनच वॉरफेरिन बनलं, १९४८ ला उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ ला माणसांसाठी परवानगी मिळाली. १९५५ मध्ये हार्ट अटॅक आल्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही तेच दिलं होतं. फरक डोसचा. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे उंदीर माझ्याहून जास्त घेत होते."

उपवासाला गोळी घ्यायची का?

घ्यायचीच. रिव्हारोक्साबॅनच्या १५ आणि २० च्या गोळ्या मात्र जेवणाबरोबरच, रिकाम्या पोटी नीट शोषल्या जात नाहीत. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ हे खाणंच झालं, त्याच्याबरोबर घ्या. निर्जळी वगैरे करायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. एपिक्साबॅनला पोट रिकामं की भरलेलं फरक पडत नाही. जुनीवाल्यांनी नवरात्राचे नऊ दिवस खाणं एकदम बदलणार असेल तर नंतर आयएनआर बघावा.

डोस विसरला तर?

त्याच दिवशी आठवलं तर घ्या. जुन्या गोळीचं दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका, आणि वहीत लिहा म्हणजे पुढच्या टेस्टला सांगता येईल. एपिक्साबॅन आठवल्याबरोबर घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळेला, डबल नाही. एकच अपवाद आहे, रिव्हारोक्साबॅन १५ दोनदा चालू असताना सकाळची राहिली तर त्या दिवशी दोन्ही एकत्र घेतल्या तरी चालतात, दिवसाचे ३० पूर्ण व्हायला हवेत म्हणून. नव्या गोळ्यांचा असर दिवसभरातच उतरतो, त्यामुळे "दोन दिवस नाही घेतली तर काय होतंय" हे त्यांच्या बाबतीत जास्त महागात पडतं.

अंग दुखतंय, कॉम्बिफ्लाम घेऊ का?

नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन ही मंडळी पोटातून रक्तस्राव करायला मदतच करतात. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण जुनीवाल्यांनी तीही रोज सलग घ्यायची झाली तर कळवावं, आयएनआर चढू शकतो. मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, बुरशीसाठीची फ्लुकोनॅझोल यांनी जुन्या गोळ्यांचा असर वाढतो. टीबीच्या रिफॅम्पिसिनने उलट इतका कमी होतो की जुनी काय नवी काय दोन्ही तोकड्या पडतात. फिटच्या काही गोळ्यांनीही तसंच.

आणि गल्लीतल्या दवाखान्यात ताप आला म्हणून गेलात की कंबरेत सुई टोचायची जी सवय आहे ना, त्याआधी स्वतःहून सांगा की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. स्नायूत रक्त साकळून लिंबाएवढी गाठ होते. मी बघितलीये, आईच्याच कंबरेला, दवाखान्याचं नाव घेत नाही.

लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, गुडघेदुखीचे काढे, हेही औषधच आहे, लपवू नका. भाजीतली हळद लसूण चालते.

इकोस्प्रिन पण रक्त पातळच करते, ती स्वस्त आहे, तीच घेतली तर?

इकोस्प्रिन म्हणजे अॅस्पिरिनच, ती प्लेटलेट्सवर काम करते, मुख्यतः धमन्यांसाठी, हृदयाच्या झटक्यासाठी. शिरेतली ताजी गुठळी ती सांभाळू शकत नाही. आणि दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

रक्त आलं तर किती आलं की पळायचं?

दात घासताना थोडं, कुठे आपटलं की मोठा काळानिळा डाग, दाढी करताना कापलं तर जरा जास्त वेळ, हे चालायचंच. नाकातून आलं तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं घट्ट दाबा, मध्ये मध्ये सोडून बघू नका. तरी थांबलं नाही तर हॉस्पिटल. शी डांबरासारखी काळी, लघवी लाल, उलटीत रक्त, अचानक भयंकर डोकं दुखणं, यात थांबायचं नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

डोकं आपटलं तर बाहेर खरचटलं नसलं तरी दाखवा. आत हळूहळू रक्त साठू शकतं आणि माणूस संध्याकाळपर्यंत गप्पा मारत असतो. बाथरूममधली ओली फरशी, वयस्कर माणूस आणि ही गोळी, हे त्रिकूट मला गुठळीपेक्षा भीतीदायक वाटतं. आम्ही पहिल्यांदा बाथरूमला दांडी बसवली.

मूळव्याध असेल तर आधी सांगा, कुंथणं टाळा, पण "मूळव्याधीचंच असेल" म्हणून रोजच्या रक्ताकडे दुर्लक्ष करू नका.

पाळीत खूप जातंय, गोळी बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका, पण सहनही करू नका. हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तासाला पॅड बदलायची वेळ आली, आणि मी आपली लाजत बसले. डॉक्टरांना सांगितलं तर उपाय असतात, गोळी बदलता येते, हिमोग्लोबिन बघतात. गौरी गणपतीला पाळी पुढे ढकलायची गोळी मात्र गुठळी झालेल्या बाईने मैत्रिणीकडून मागून घेऊ नये, त्यानेच गुठळीचा धोका वाढतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच, विचारल्याशिवाय नाही.

दिवस राहिले तर त्याच दिवशी फोन करा. वॉरफेरिन, असिट्रोम बाळाला धोक्याच्या, सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तर फारच, आणि नव्या गोळ्याही गरोदरपणात देत नाहीत. हेपारिनची इंजेक्शनं बाळापर्यंत पोचत नाहीत म्हणून तीच देतात.

दात काढायचाय, गोळी बंद करावी लागेल?

साध्या एका दाताला बऱ्याचदा नाही. डेंटिस्टला अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, जुनीवाल्यांनी ताजा आयएनआर घेऊन जा. मोठं ऑपरेशन असेल तर किती दिवस आधी थांबवायचं हे दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचं, तुम्ही मधल्यामध्ये निरोप्या होऊ नका.

पायाला तेल लावून मालिश? जळवा?

ताज्या गुठळीवर मालिश नकोच, तुकडा सुटायची भीती असते. मावशीबाईंना बोलावून पोटरी रगडून घेऊ नका. जळवा लावल्या तर आधीच गोठणं कमी केलेलं रक्त थांबायला तयार होत नाही, त्यामुळे तेही नको. चालायला हरकत नाही, उलट औषध सुरू झाल्यावर जमेल तसं चालावंच, महिनाभर पलंगावर पडून राहायचा जमाना गेला. घट्ट मोजे सूज आणि जडपणा कमी वाटावा म्हणून, आराम वाटत असेल तर घाला, गुठळीचं औषध म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

किती दिवस घ्यायची? जन्मभर?

कमीत कमी ३ महिने, हे जवळपास सगळ्यांना. पुढचं कारणावर. माझ्यासारखं प्लास्टर, ऑपरेशन असं ठोस आणि संपलेलं कारण असेल तर ३ महिन्यांवर बहुतेक थांबवतात, माझी थांबवली. कारण सापडलंच नाही किंवा आईसारखी दुसऱ्यांदा झाली तर लांबते, कधी कायमची. कॅन्सर असेल तर तो चालू आहे तोवर. लांबवायची असेल तर ६ महिन्यांनंतर एपिक्साबॅन २.५ वर किंवा रिव्हारोक्साबॅन १० वर आणता येते काही जणांना.

तीन महिन्यांनी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, केली आणि "अजून थोडी गुठळी दिसते" असं लिहून आलं तर घाबरू नका, जुनी गुठळी शिरेला चिकटून व्रणासारखी राहते. तेवढ्यावरून गोळी वाढवायची की नाही ठरत नाही. पण तो रिपोर्ट जपून ठेवा, पुढे कधी पाय सुजला तर नवीन काय आणि जुनं काय ते त्याच्याशी ताडून बघता येतं.

मुलाकडे अमेरिकेला जायचंय, विमान चालेल?

औषध नीट चालू असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर चालतं. पुरतील तेवढ्या गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत, चेक इन बॅगेत नाही. पाणी प्या, तासा दीड तासाने उठा, पोटऱ्या हलवा. घड्याळ बदलतं त्यामुळे दोन वेळच्या गोळीला "साधारण १२ तास" एवढं धरून चला. पुणे नागपूर रात्रीच्या बसलाही हेच.

पट्टी घेताना काय बघायचं?

नाव आणि मिलिग्रॅम, दोन्ही, काउंटरवरच. असिट्रोम १, २, ३, ४ अशी सगळी येते आणि आम्हाला एकदा १ च्या जागी ४ ची पट्टी मिळाली होती. आईला गोळीचा रंग वेगळा वाटला म्हणून तिने विचारलं, नाहीतर मी तशीच डबीत भरली असती. रंगावर मात्र विसंबू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. आता आई स्वतः चष्मा लावून पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचते, मी वहीतला वाचते, दोन्ही जुळले की गोळी डबीत जाते, आणि रात्री घेतली की भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला पेन्सिलने टिक.